सहनशक्तीचा सल्ला जीव वाचवत नाही

विवाहितेच्या आत्महत्येची बातमी आली की दोन-तीन दिवसांत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: आजकालच्या मुलींमध्ये सहनशक्तीच राहिलेली नाही. वधू-वर मेळाव्याच्या व्यासपीठावरून ते बोललं जातं, कीर्तनातून सांगितलं जातं, समुपदेशन कक्षात समोर बसलेल्या मुलीला समजावताना वापरलं जातं. बोलणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पूर्वीच्या बायकांनी याहून कितीतरी जास्त सोसलं, तरी त्या उभ्या राहिल्या. आजच्या मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, त्यांच्या अपेक्षा वाढल्या आणि थोडं मनाविरुद्ध झालं की त्या कोलमडतात. म्हणून मुलींना जुळवून घ्यायला शिकवलं तर असे जीव वाचतील, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तीन विधानं आहेत. पूर्वी हे प्रमाण कमी होतं, ज्या सोसतात त्या वाचतात, आणि सोसायला शिकवणं हा आत्महत्या रोखण्याचा मार्ग आहे. तिन्ही विधानं तपासून पाहता येतात, आणि उपलब्ध पुराव्यापुढे तिन्ही टिकत नाहीत. त्यातलं तिसरं तर जिवावर बेतणारं आहे, कारण संकटात सापडलेल्या मुलीला ज्या क्षणी घराबाहेर पडण्याची वाट हवी असते, नेमक्या त्याच क्षणी हा सल्ला तिला परत त्याच घरात पाठवतो.

आधी काळाबद्दलचं विधान घेऊ. राखी दंडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० ते २०१६ या काळातल्या भारतातल्या आत्महत्यांचा राज्यवार अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वयोगटांतले फरक जमेस धरून काढलेला त्यांचा अंदाज असा, की १९९० मध्ये दर लाख स्त्रियांमागे २० जणी आत्महत्येने मरत होत्या. २०१६ मध्ये हे प्रमाण १४.७ वर आलं. चतुर्थांशाहून अधिक घट झाली. याच काळात पुरुषांचं प्रमाण २२.३ वरून २१.२ झालं, म्हणजे जवळपास जागच्या जागी राहिलं. मुली मोठ्या संख्येने शाळा-कॉलेजात गेल्या, त्यांच्या हातात मोबाइल आला, लग्नं उशिरा होऊ लागली, तोच हा काळ. अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये ४७ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २३ टक्क्यांवर आलं. या बदलांमुळेच आत्महत्या घटल्या, असा दावा मी करत नाही. कार्यकारणभाव सिद्ध करायला एवढं पुरेसं नाही. पण शिकलेल्या, अपेक्षा बाळगणाऱ्या पिढीने मरणाचं प्रमाण वाढवलं, हे म्हणणं या आकड्यांपुढे उभंच राहू शकत नाही. ज्या काळाला आपण सोशिक बायकांचा काळ म्हणतो, त्या काळात लोकसंख्येच्या प्रमाणात जास्त बायका मरत होत्या. त्या दिसल्या नाहीत, एवढंच.

त्या का दिसल्या नाहीत, हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी आत्महत्यांचे आकडे देतो, पण ते पोलिसांच्या नोंदींवरून. घरात सून गेली तर घरच्यांना ‘अपघात झाला’ असं सांगण्याची कारणं अनेक असतात. अब्रू हे एक. दुसरं कायद्याचं: लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला तर शवविच्छेदन होतं, आणि छळ झाल्याचं दिसलं तर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. ही तरतूद १९८३ साली योग्य कारणासाठीच आली. मात्र तिच्या धाकाने मृत्यूचं कारण लपवण्याचा मोहही वाढतो. मग कागदावर अकस्मात मृत्यू अशी नोंद होते आणि प्रकरण मिटतं. देशभरातल्या घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करून केलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’चे निष्कर्ष विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडले, तेव्हा दिसलं की पोलिसांच्या आकड्यांतून पुरुषांच्या किमान २५ टक्के आत्महत्या सुटतात, तर स्त्रियांच्या ३६ टक्के. राज्याराज्यांतला फरकही हेच सांगतो. २०२२ मध्ये केरळात दर लाख लोकसंख्येमागे २८.५ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि बिहारमध्ये ०.६. दोन राज्यांतल्या माणसांच्या मनात जवळजवळ पन्नासपट फरक असू शकत नाही. फरकाचा मोठा भाग नोंदवहीत असणार. म्हणून ‘शिकलेल्या राज्यांतच आत्महत्या जास्त’ हे वाक्य फेकण्याआधी कुठल्या राज्यात मरण लिहिलं जातं आणि कुठे पुसलं जातं, हे विचारावं लागेल. एनसीआरबीच्या आकड्यांत स्त्रियांच्या आत्महत्या २०२१ मध्ये ४५,०२६ होत्या आणि २०२२ मध्ये ४८,१७२ झाल्या. ही वाढ चिंतेची आहेच, पण एका वर्षाच्या चढावरून अख्ख्या पिढीचा स्वभाव ठरवता येत नाही.

या ४८,१७२ पैकी २५,३०९ गृहिणी होत्या, निम्म्याहून अधिक. हा आकडा आपल्याकडे वारंवार दिला जातो आणि त्यावर एक रास्त आक्षेप आहे: देशातल्या विवाहित स्त्रियांमध्ये गृहिणीच बहुसंख्य असतील तर आत्महत्यांतही त्याच बहुसंख्य असणार, यातून गृहिणींना धोका जास्त असं सिद्ध होत नाही. आक्षेप मान्य. माझा मुद्दा या एका आकड्यावर उभा नाही. तो तुलनेवर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात दर लाख पुरुषांमागे १२.६ आणि दर लाख स्त्रियांमागे ५.४ आत्महत्या होतात. पुरुषांचं प्रमाण दुपटीहून अधिक. भारतात हे अंतर दीडपटीच्याही आत आहे. दंडोना यांच्या अभ्यासात भारतीय पुरुषांचं प्रमाण जागतिक सरासरीच्या १.४ पट निघालं, तर भारतीय स्त्रियांचं २.१ पट. जगातल्या स्त्रियांपैकी साधारण १८ टक्के भारतात राहतात, पण २०१६ साली आत्महत्येने मेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतीय होत्या. यात सर्वांत मोठा वाटा विवाहितांचा, आणि त्यातही चाळिशीच्या आतल्यांचा. लग्नाचा आधार माणसाला आत्महत्येपासून काही प्रमाणात वाचवतो, ही समाजशास्त्रातली जुनी समजूत आहे; एमिल दुर्खाइमने १८९७ साली आत्महत्येवरच्या आपल्या ग्रंथात ती मांडली, पण हे कवच पुरुषाला जास्त लाभतं, हेही त्याने त्याच ग्रंथात नोंदवलं. आपल्याकडच्या तरुण विवाहितांना ते मिळत नाही. जिथे कवच असायला हवं तिथेच मृत्यू होत असतील, तर दोष मरणाऱ्या मुलींच्या स्वभावात शोधण्याआधी त्या घरांत शोधावा लागतो.

आता दुसरं विधान: ज्या सोसतात त्या वाचतात. भारतीय स्त्रिया सोसत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल उघडून पाहावा. १८ ते ४९ वयाच्या, कधी तरी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चौघींत एक. शारीरिक वा लैंगिक हिंसा भोगलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. देशातल्या ४५ टक्के स्त्रियांना काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य वाटतं. याहून जास्त सहनशक्ती म्हणजे काय असते? चारांपैकी तीन जणी तोंडातून शब्द काढत नाहीत, आणि आपण म्हणतो मुली लगेच तक्रार करतात. माहेरी काही बोलायला गेलं तर घरोघरी मातीच्या चुली असं सांगून तिला गप्प केलं जातं, सासरी तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो, आणि ती गेल्यावर पोलिसांच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’ असं कारण लिहिलं जातं. २०२२ मध्ये देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी ३१.७ टक्के या एकाच कारणाखाली गेल्या. घरातला मार, पैशाची कोंडी, संशय, मुलगा न झाल्याचे टोमणे, रोजची मानहानी, सगळं त्या दोन शब्दांत मावतं आणि कुणालाच काही विचारावं लागत नाही. यावरचा पहिला उपाय बोलतं करणं हा आहे, हे महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं गेलं होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली पुण्यात नारी समता मंच उभा केला आणि पुढे जे केंद्र चालवलं त्याचं नावच ‘बोलते व्हा’ असं होतं. ज्या समाजाला हे इतक्या आधी सुचलं, त्याने पुन्हा सोसण्याच्या शिकवणीकडे वळावं याचा मला राग येतो.

यावर सुशिक्षित वर्गातून वेगळा आक्षेप येतो. तो म्हणतो, आत्महत्या हा मानसिक आजाराचा प्रश्न आहे, त्याला कुटुंबव्यवस्थेशी जोडू नका. नैराश्य आलं तर डॉक्टरकडे न्या. यातला अर्धा भाग मी मनापासून मान्य करते. नैराश्य हा आजार आहे, तो बरा होतो, औषध घेण्यात कमीपणा नाही, आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या उदासीला ‘नाटकं’ म्हणणाऱ्या घरात जीव जातात. मनोविकारतज्ज्ञ मोजके आहेत म्हणून हात बांधून बसायचंही कारण नाही: गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने दाखवून दिलं की योग्य प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशकही नैराश्यावर परिणामकारक उपचार करू शकतात. पण त्याच गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या काळात कोणत्या स्त्रिया आत्महत्येचा प्रयत्न करतात, हे त्यात पाहिलं गेलं. नैराश्य-चिंतेचे विकार हा एक मोठा धोका निघाला आणि हिंसेचा अनुभव हा दुसरा, आणि दुसरा पहिल्यात विरघळून गेला नाही. आजार नसलेल्या स्त्रीलाही हिंसा मरणाकडे ढकलू शकते. तेव्हा गोळी लिहून देताना ‘घरी कुणी मारतं का, पैसे काढून घेतं का, बाहेर जायला अडवतं का’ हे न विचारणारा उपचार अर्धाच राहतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र नेमकं हेच करतं: जखमा घेऊन किंवा जीव देण्याचा प्रयत्न करून आलेल्या बाईला डॉक्टर-परिचारिकांनी हिंसेबद्दल विचारावं, आणि त्याच इमारतीत तिला बोलायला माणूस मिळावं. तिथला अनुभव मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही नेला गेला. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात मात्र आजही अनेकदा पोट साफ करून, अपघात असं लिहून, तिसऱ्या दिवशी बाईला त्याच माणसांच्या हवाली केलं जातं.

हे टाळणं फार खर्चाचं नाही, याचा पुरावा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्यांवर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला. त्यातलं एक ठिकाण चेन्नई होतं. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी घरी पाठवण्याआधी तासभर नीट बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली गेली. दीड वर्षाने पहिल्या गटात आत्महत्येने मेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२ टक्के. कुणाच्या सहनशक्तीत वाढ करून हे घडलं नाही. तुझी चौकशी करणारं कुणीतरी आहे, एवढं त्या माणसाला नऊ वेळा कळलं. मरणाची इच्छा बहुतेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते, म्हणून त्या वेळात माणूस टिकवणं महत्त्वाचं असतं. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. तिथल्या माणसांचे स्वभाव त्या वीस वर्षांत बदलले असं कुणी म्हणत नाही.

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. बाहेर पडण्याची खरी वाट असेल तर स्त्रिया जगतात. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी एकतर्फी घटस्फोटाचा कायदा आला. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्या फरकाचा उपयोग करून २००६ साली दाखवलं, की ज्या राज्यांत हा कायदा आला तिथे स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या आणि घरगुती हिंसा सुमारे ३० टक्क्यांनी. ही घट फक्त घटस्फोट घेणाऱ्यांमुळे झाली असं मानायचं कारण नाही. ती निघून जाऊ शकते हे नवऱ्याला ठाऊक असलं की तो वागणं बदलतो; दार उघडं असल्याचा फायदा आत राहणाऱ्या बाईलाही होतो. अमेरिकेचं उदाहरण आपल्याला कशाला, असं कुणी विचारेल, तर केरळ पाहा. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या सुमारे पाचशे विवाहितांची पाहणी केली. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याकडून दीर्घकाळ मार खाल्ला होता. जमीन असणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असणाऱ्यांत १० आणि दोन्ही असणाऱ्यांत ७ टक्के. शिक्षण, नोकरी, वय यांचा हिशेब धरूनही मालमत्तेचा परिणाम टिकला. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क १९९४ सालीच दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. आणि त्याच महाराष्ट्रात बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, माहेर टिकवायचं असेल तर कर, असं न बोलता सांगून. अशी सही झाल्यावर त्या मुलीला संकटात परतायला माहेरच्या घरात हक्काची खोली उरत नाही. आत्महत्या प्रतिबंधाच्या चर्चेत, जिथे हे हक्कसोडपत्र नोंदलं जातं ते दुय्यम निबंधक कार्यालय येत नाही. ते यायला हवं.

पुरुषांचं काय, हा प्रश्न इथे विचारला जाणारच, आणि तो चेष्टेने उडवून लावण्याचा नाही. २०२२ मध्ये देशात १,२२,७२४ पुरुषांनी आत्महत्या केली. विवाहित पुरुषांच्या आत्महत्या विवाहित स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहेत, या आधारावर राष्ट्रीय पुरुष आयोगाची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने ती ऐकून घ्यायला नकार दिला. या मृत्यूंचं दुःख खरं आहे. कर्ज, बेकारी, दारू, शेती, आणि ‘पुरुष असून रडतोस’ ही शिकवण यांवर स्वतंत्र काम झालं पाहिजे. पण यावरून बायकांनी अधिक सोसावं असा निष्कर्ष कसा निघतो? स्टीव्हन्सन-वुल्फर्स यांच्या अभ्यासात घटस्फोट सोपा झाल्याने स्त्रियांच्या आत्महत्या घटल्या, पुरुषांच्या मात्र वाढल्या नाहीत. एकीला वाट मिळाली म्हणून दुसऱ्याचा जीव गेला, असं तिथे झालं नाही. कायद्याचा दुरुपयोग होतो हा आक्षेपही याच सुरात घेतला जातो. खोट्या फिर्यादीने निरपराध माणूस उद्ध्वस्त होतो, आणि त्याला न्याय मिळायलाच हवा. तरी ज्या देशात मार खाणाऱ्या ७७ टक्के बायका कुणालाच काही सांगत नाहीत, तिथे तक्रारीचा महापूर आला आहे असं मानणं वस्तुस्थितीला धरून नाही.

राहिला घरं मोडतील हा धसका. काही घरं मोडतील. ज्या घरात एक माणूस जिवंतपणी रोज मरतं, ते घर टिकवून मुलांना काय मिळतं, याचं उत्तर धसका घेणाऱ्यांनी द्यावं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात एकतर्फी घटस्फोटाची सोय नाही. विवाह पुन्हा सांधता न येण्याइतका तुटला असेल तर घटस्फोट मिळावा, यासाठी आणलेलं विधेयक राज्यसभेत २०१३ साली मंजूर होऊनही पुढे बारगळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो अधिकार स्वतःकडे असल्याचं सांगितलं, पण दिल्लीपर्यंत कितीजणी जाणार? राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि २०३० पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट त्यात आहे. ते गाठायचं तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ‘दिलासा’सारखं केंद्र हवं, जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्या प्रत्येकीचा दीड वर्ष पाठपुरावा हवा, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी कागदापुरते नकोत, आणि समुपदेशन कक्षाचं यश समेटांच्या संख्येवर मोजणं थांबलं पाहिजे.

आणि मुलींच्या आईवडिलांना, भावांना एक विनंती. लग्नाच्या याद्या करताना तिला स्पष्ट शब्दांत सांगा की इथे तुझी खोली आहे, तू कधीही, कारण न सांगता परत येऊ शकतेस, आणि लोक काय म्हणतील ते आम्ही ऐकून घेऊ. तिच्याकडून हक्कसोडपत्र मागू नका. ती रडत आली तर तिला चार दिवसांनी नांदायला पाठवण्याची घाई करू नका. आधी तिचं पूर्ण ऐका. हे वाचणारी कुणी आज त्याच टोकाला उभी असेल, तर तिने आत्ता एका विश्वासाच्या माणसाला फोन करावा, किंवा १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’ क्रमांक लावावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.